मल्हारच्या हातात काय होतं

"ताई, पहिलं सांगा, मशीन चालू तरी होतंय का?"

"चालू होतंय म्हणून तर फोन लावलाय, रणधीरभाऊ. बंद असतं तर डोक्यावर घेऊन आले असते वाशीला, तुमच्या दुकानात."

तो हसला. हसू दे. मी कशासाठी बसलेय ते त्याला काय माहीत? आमच्या वॉचमनचा, नागप्पामामाचा, बटणाचा फोन माझ्या कानाला होता. माझा मोबाईल नेटसाठी वायरनं कॉम्प्युटरला जोडला होता. आणि खिडकीच्या पलीकडं, जिथं माझा भाऊ मल्हार गेला, तिथं आमची आई राखेत बसली होती.

तेरखेड्याच्या बाहेर माळावर भागवतशेठचा फटाक्यांचा कारखाना. मी तिथं हपिसात बिलं करायचे आणि मल्हार समोरच्या खोलीत फटाक्याची दारू कालवायचा. मी थोरली, तो धाकटा. त्याला त्या खोलीत जाऊ नको म्हणून मी किती भांडले ते माझं मला ठाऊक. "हपिसात पंख्याखाली बसून शिकवू नको गं," म्हणायचा. लई बोलका होता मेला.

ज्या दिवशी खोली उडाली त्या दिवशी मी तालुक्याला, वाशीला, टपाल टाकायला गेले होते. परत आले तर माळावर नुसता धूर. मल्हार गेला आणि भिंतीपलीकडच्या शेडमध्ये वाती वळत बसलेली शांताक्का गेली. शांताक्का म्हणजे कोण? लहानपणी आम्हा दोघांना एकाच ताटात जेवायला घालणारी बाई.

आणि भागवतशेठनं काय करावं? मढी उचलायच्या आत सांगून मोकळा. "पोरगं चौकटीत बसून बिडी ओढत होतं. मी लांबून बघितलं. ओरडस्तोवर झालं." झालं, गावानं तेच धरलं. शेठनं खोलीत ठेवायच्या दुप्पट माल ठेवलेला, पत्रा तापून भट्टी झालेली, ते कुणी बोलेना. मेलेल्या माणसावर ढकललं की बरं असतं, तो काय उठून भांडायला येतोय?

आई शांताक्काच्या घरी भेटायला गेली तर तिच्या पोरीनं, अर्पितानं, दार लावून घेतलं. आतनं म्हणाली, "तुमच्या पोरानं माझी आई खाल्ली. पुन्हा ह्या दारात येऊ नका." आई तशीच माघारी आली. नळावर गेली तर बायका घागरी उचलून बाजूला होत. तिनं नळावर जायचं सोडलं, मग जेवायचं सोडलं.

दहाव्याला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं, सगळे बोलून दमले. थोरलीच्या लग्नाचं बघू, आईला सांभाळू, सगळं बोलून झालं. शेवटी मी पुढं झाले आणि म्हणाले, "मल्हार, तुझ्यावरचा आळ काढते." तेवढ्यात शिवला. तुम्ही म्हणाल योगायोग. असेल. पण आईनं माझा हात असा धरला की बांगडी फुटली.

घाटावरनं परत येताना मला कॅमेरा आठवला.

गेटवर दोन कॅमेरे होते, त्यांची पेटी पोलिसांनी नेली होती. पण हपिसाच्या भिंतीवर एक जुनाट कॅमेरा होता, लायसनच्या तपासणीला दाखवण्यापुरता शेठच्या पुतण्यानं बसवलेला. तो माझ्या कॉम्प्युटरला जोडलेला. त्याचं तोंड नेमकं समोरच्या खोलीच्या दाराकडं. मल्हार उजेडासाठी दारातच बसायचा. म्हणजे बिडी ओढत होता का नाही, ते त्यात असणार. त्यातलं रेकॉर्डिंग आजवर कुणी उघडून बघितलं नव्हतं. शेठ तर तो कॅमेरा विसरूनच गेला होता.

तपासाच्या साहेबांना फोन केला तर म्हणाले, असलं तर मेलवर पाठवून द्या, बघतो. आणि नागप्पामामानं कानात सांगितलं की शेठचा टेम्पो आज दुपारी येणार, हपिसातलं सगळं सामान हलवणार. म्हणून सकाळीच आम्ही माळावर. मामानं कुलूप काढलं, मग मेन स्विचपाशी जाऊन थांबला.

"शेठनं मेनला हात लावू नगा म्हनून सांगितलंय," तो म्हणाला.

"शेठनं लई काय काय सांगितलंय, मामा. लावा."

त्यानं मेन वर केला. स्फोट झाला त्या दुपारी त्यानंच धावत जाऊन खाली ओढला होता, त्यानंतर आजच. कॉम्प्युटरनं नेहमीसारखी काळी पाटी दाखवली, इंग्रजीत दोन ओळी, एफ वन दाबा. मी रोज दाबायचे तसं दाबलं.

आई आत आली नाही. "तू बग," म्हणाली. "मला त्यो मरताना बघायचा न्हाय. त्येच्या हातात काय हुतं तेवढंच मला सांग." आणि समोर राखेत जाऊन बसली.

खरं सांगू? मला भीती वाटत होती. मल्हार बिडी ओढायचाच. कारखान्यात नाही, घरामागं, आईच्या चोरून. मी दोनदा त्याच्या खिशातलं बंडल चुलीत घातलं होतं. त्या दिवशी दारात बसून त्यानं ओढली नसेलच, असं मी छातीवर हात ठेवून कुणाला सांगणार? पण आईला खरं पाहिजे होतं आणि मलाही. ओढली असेल तर असेल. निदान अर्पिताच्या पाया पडायला तोंड राहील.

कॅमेऱ्याचं फोल्डर उघडलं. आत एकच फाईल होती. जीव भांड्यात पडला. उघडायला गेले तर लालभडक पाटी आली. अँटीव्हायरसनं व्हिडिओ दाखवणारा प्रोग्राम व्हायरस म्हणून कोंडून ठेवला होता. सोडवायला गेले तर म्हणे लायसन चालत नाही, आधी अपडेट करा. अपडेट करायला गेले तर इंटरनेट नाही. पेनड्राईव्ह लावला तर तोही बंद. शेठनं चोरीच्या भीतीनं पेनड्राईव्हला पासवर्ड घातलेला, तो माझ्याकडं नाही. एवढी राखण त्या मुडद्यानं दारूच्या खोलीची केली असती तर!

मग मी रणधीरला फोन लावला. वाशीत त्याचं कॉम्प्युटरचं दुकान, कारखान्याचं सगळं तोच बघायचा.

"नेटची खूण दिसतीय का खाली?" त्यानं विचारलं.

"दिसतीय. जोडलंय म्हणतंय."

"मग एखादी साइट उघडा."

उघडली. "हे कनेक्शन सुरक्षित नाही म्हणतंय."

"दुसरी?"

"दुसरी पण तेच. सगळ्या तेच म्हणतेत. माझ्याच मोबाईलचं नेट, मोबाईलवर पळतंय आणि ह्याच्यावर सुरक्षित नाही? ह्याला काय अक्कल आहे का नाही?"

"वायर बदलून बघा."

बदलली. मोबाईल बंद करून चालू केला. ब्राउझर बदलला. मग तो म्हणाला अँटीव्हायरसच नेट अडवत असेल, थोडा वेळ बंद करा. बंद करायला गेले तर त्यालाही पासवर्ड. रणधीरनं एक आकडा सांगितला, चालला नाही. दुसरा सांगितला, तोही नाही. कॉम्प्युटर असा चालत होता की एकेक खिडकी उघडेस्तोवर माणसानं चहा करून प्यावा. मधेच मी बाहेर बघायचे. आई वाकून राख चाळत होती, काहीतरी उचलून पदराच्या टोकाला बांधत होती. मी बघितलं न बघितलं केलं आणि परत पडद्याकडं तोंड केलं.

"ताई," रणधीर म्हणाला, "लायसन तर दिवाळीला मीच टाकलंय. वर्षभराचं. चालत नाही कसं म्हणतंय?"

"मला विचारता? मी बनवलंय का ते?"

"थांबा, थांबा. खाली उजव्या कोपऱ्यात तारीख काय आहे?"

मी बघितली. "एक जानेवारी दोन हजार बारा."

तो पलीकडं कपाळावर हात मारल्यासारखा ओरडला. "अहो मग तेच की! आतला सेल मेलाय. घड्याळ मागं गेलं की अँटीव्हायरसला वाटतं लायसन खोटं, साइटला वाटतं तुम्ही खोटे. तारीख नीट करा, सगळं चालू होतंय. सेल कधी गेला?"

"ते रोजचंच आहे," मी म्हणाले. "आमच्याकडं दिवे लागायच्या आत मेन खाली असतो. ठिणगीची भीती. एकेक बटण बंद करत कोण बसतंय, मामा सगळ्या कारखान्याचा मेनच ओढतेत. सकाळी चालू केलं की ही एक जानेवारीच. मी एफ वन दाबून कामाला लागायचे. बिलावर तारीख हातानं टाकायची. नेट लागलं तर मोबाईल आहेच की."

"आणि मला कधी सांगितलं नाही?"

"शेठला सांगितलं होतं. बघू म्हणाला."

तारीख नीट केली. आणि खरोखर सगळं आलं! साइट उघडल्या. अँटीव्हायरस हिरवा झाला, भराभर अपडेट उतरवून घ्यायला लागला. मी खुर्चीतनं उठून नागप्पामामाला म्हणाले, "मामा, आलं!" मामानं पागोटं काढून कपाळ पुसलं. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं की वाटलं मल्हारच परत आलाय. साहेबांना मेल करायची, आईला सांगायचं, मग आईला घेऊन अर्पिताच्या दारात जायचं. सगळं डोळ्यापुढं आलं.

अपडेट संपलं. कोंडलेला प्रोग्राम सोडवू का, म्हणून त्यानं विचारलं. मी सोडव म्हणाले. रणधीर फोनवरच होता. फाईल उघडली.

समोरची जागा दिसली. भिंती नव्हत्या. पत्रा वाकून पडलेला, काळी जमीन. वाटलं पुढचं आलं असेल, मागं घ्यावं. मागं नेलं, अगदी पहिल्यापर्यंत. तेच. काळी जमीन, एक कुत्रं हुंगत गेलं. मग नऊवारी नेसलेली एक म्हातारी हळूहळू चालत पडद्यावर आली आणि राखेत बसली. तिनं हातानं राख चाळली, काहीतरी उचललं, पदराला बांधलं.

"रणधीरभाऊ," मी म्हणाले, "ह्यात आजचं दिसतंय."

त्यानं विचारलं, "दुसरी फाईल?"

"एकच आहे."

"नाव काय आहे फाईलचं?"

"एक जानेवारी दोन हजार बारा."

पलीकडं त्याच्या दुकानात कुणीतरी प्रिंटर चालू केला होता, त्याचा खडखडाट मला ऐकू येत होता. तो हळू आवाजात बोलायला लागला. मघाचा तो आवाजच नव्हता. "ताई, ती कॅमेऱ्याची सिस्टीम एका तारखेची एकच फाईल ठेवते. मशीन चालू झालं की आपोआप लिहायला घेते. त्याच नावाची आधीची असली तर ती पुसून पहिल्यापासून. तुमचं घड्याळ रोज सकाळी एकाच तारखेवर. म्हणजे रोज आदल्या दिवसाचं पुसलं जायचं."

"त्या दिवशीचं मला सांगा."

"त्या दिवशी मामांनी मेन ओढला ना? मग ते होतं, ताई. आज तुम्ही चालू करेपर्यंत होतं."

मला राग आला. कुणाचा ते कळेना. सेलचा, शेठचा, त्या मघाशी हसणाऱ्या रणधीरचा. "मग पहिल्यांदा का नाही सांगितलं? तासभर माझ्याकडनं वायरी बदलून घेतल्या!" तो बिचारा काय बोलणार? मी त्याला सांगितलंच कुठं होतं काय शोधतेय ते? कारखान्याचा माणूस तो, शेठच्या कानावर जाईल म्हणून मी नुसतं म्हणाले होते की नेट चालत नाही.

आता सांगितलं. सगळं सांगितलं. "अरे देवा," म्हणाला. मग नेटवरनं त्यानं माझा कॉम्प्युटर स्वतःच्या हातात घेतला. पडद्यावर बाण आपोआप फिरायला लागला. पुसलेलं परत आणायचा कसलासा प्रोग्राम त्यानं लावला. बराच वेळ हिरवी पट्टी सरकली. एक फाईल मिळाली. उघडली तर नुसता काळा पडदा, त्यात आवाजही नाही.

"डिस्क बारकी आहे," तो म्हणाला. "आत्ता अपडेट उतरलं ना, ते बरोबर त्याच जागेवर बसलंय. मशीन चालू न करता डिस्क काढून आणली असती तर..." मग पुढचं त्यानं गिळलं. "मला माफ करा, ताई."

तेवढ्यात गेटवर टेम्पोचा हॉर्न वाजला. नागप्पामामा घाबरून उठला. "अयोध्ये, चल, बंद कर. मला कामावरनं काढतील." त्यानं मेन खाली ओढला आणि पडदा विझला. मी मोबाईलची वायर काढली, मामाचा फोन त्याच्या हातात दिला.

आई दारात उभी होती. हात कोपरापर्यंत काळे.

"दिसला का?" तिनं विचारलं.

मी हातातली वायर गुंडाळत राहिले.

"अयोध्ये, दिसला का माझा मल्हार? हातात काय हुतं त्येच्या?"

काय सांगायचं होतं मला? की त्यात तूच दिसलीस? की तो शेवटचा दारात कसा बसला होता ते ह्या डबड्यात एवढे दिवस जपून होतं आणि मी, तुझ्या पोटच्या पोरीनं, एफ वन दाबून ते पुसलं? तिच्या गालाची हाडं वर आलेली. दोन दिवस पोटात पाण्याशिवाय काही नाही. माझ्या तोंडातनं निघून गेलं.

"काय नव्हतं, आये. रिकामे हात होते त्याचे."

ती खाली बसली. तिथंच उंबऱ्यात. दोन्ही काळे हात तोंडावर घेऊन अशी रडली की टेम्पोवाली पोरं गेटातच थांबली. इतके दिवस ती रडलीच नव्हती. "म्या म्हनत हुते," म्हणत होती, "म्या म्हनत हुते, माझं लेकरू असं न्हाय." मी तिच्या पाठीवरनं हात फिरवत राहिले. मला वाटलं, बरं झालं. खोटं तर खोटं, तिचा जीव तर वाचला. आता ही घरी जाऊन चार घास खाईल.

ती उठली ती घराकडं वळलीच नाही.

"आये, कुठं निघालीस?"

"शांताक्काच्या घरी."

"आत्ता नको. आधी जेव. उद्या जाऊ."

"उद्या कशाला?" ती माझ्यापुढं चालत होती. उपाशी बाई, पण मला तिला गाठता येईना. "इतकं दिस मान खाली घालून चालले. आता कशाला?"

वाटेत मी तीनदा तोंड उघडलं. आये, ऐक. आये, थांब. ती थांबली नाही आणि मलाही पुढचं बोलायचं धाडस झालं नाही. नळावरनं गेलो तेव्हा बायकांनी घागरी उचलल्या. आईनं पहिल्यांदाच त्यांच्याकडं बघितलं. त्या आमच्या मागनं यायला लागल्या.

शांताक्काच्या अंगणात तिचा नवरा महांतप्पा बाजेवर बसला होता. अर्पिता दारातच होती, धान्य निवडत. आम्हाला बघून ती उठली आणि दाराला हात घातला.

"थांब, पोरी," आई म्हणाली. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "दार लाव, पर आदी ऐक. माझ्या लेकराच्या हातात काय न्हवतं. बिडी न्हाय, काडी न्हाय. क्यामेऱ्यात दिसलंय. माझ्या अयोध्येनं आत्ता डोळ्यानं बघितलंय."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. अर्पिताचा हात दारावरनं खाली आला. ती माझ्यापाशी आली. मला वाटलं आता तोंडात मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"खरं, ताई?" तिनं विचारलं.

मी मान हलवली. काय करणार होते?

"मी लई वाईट बोलले काकूला," ती म्हणाली. "पण कुणाला बोलायचं होतं सांगा? रोज रात्री मी मल्हारला शिव्या देते. त्याच्यासंगं खेळलेय मी लहानपणी आणि त्यालाच शिव्या देते." तिनं ओढणीनं नाक पुसलं. "मला दावा. बापूंना बी दावा. मग आम्ही समदे मिळून जाऊ शेठच्या दारात."

महांतप्पा बाजेवरनं उठला. त्यानं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत डोळ्यावर चढवून माझ्यापुढं येऊन उभा राहिला. बायका जवळ सरकल्या. माझा मोबाईल माझ्या हातातच होता. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर.

"दाव की गं," आई म्हणाली. तिनं माझं कोपर धरून मला पुढं ढकललं. तिच्या तोंडावर हसू होतं. "घाबरतीस कशाला? दाव तिला."